दोन विजय, आठ पराभव



‘मैदानावरच्या गप्पा’साठी गेल्या आठवड्यात एक पत्र आलं. वहीचं पान फाडून, निळ्या शाईनं लिहिलेलं. लिहिणारा मित्र आठवीत आहे. ‘नाव छापू नका’ असं त्यानं दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. पण पत्र मात्र तुम्हा सगळ्यांना सांगण्यासारखं आहे.

तो लिहितो, आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्यात नेहमी पहिल्या तिनांत असायचा. यंदा दहावीची मुलं शाळा सोडून गेली आणि सातपैकी सहा गडी त्यांच्याबरोबर गेले. उरलो मी एकटा. नवी मुलं घेतलीत, पण त्यांना पकडही धड करता येत नाही. सर म्हणतात, यंदा संघ उतरवायलाच नको, उगाच शाळेचं नाव जाईल. मग शेवटी त्यानं मला विचारलंय, ‘हरायलाच जायचं असेल, तर जायचं कशाला?’

प्रश्न चांगला आहे. उत्तर देण्याआधी एका संघाची गोष्ट सांगतो. खरी आहे बरं का, बनवलेली नाही.

या संघानं एका मोसमात दहा सामने खेळले. दोन जिंकले, आठ हरले. एक सामना तर ६६ विरुद्ध ६ असा हरला! काही सामन्यांत भोपळाही फुटला नाही. तुमच्या प्रगतिपुस्तकात असे आकडे आले तर घरी काय होईल, ते मी सांगायला नको. पण गंमत अशी, की हा संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला, तरी लोक आजही जास्त आठवण काढतात ती याच मोसमाची. २००६ साली त्यावर सिनेमासुद्धा निघाला.

हा संघ अमेरिकेतल्या मार्शल विद्यापीठाचा. वेस्ट व्हर्जिनिया हे तिथलं डोंगरांचं आणि कोळशाच्या खाणींचं राज्य. त्यात ओहायो नदीच्या काठी हंटिंग्टन नावाचं गाव आहे. १९७० साली तिथं पाऊण लाखाच्या आसपास वस्ती होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी. विद्यापीठ गावात आणि गाव विद्यापीठात, असा सगळा घरोबा. हिरवा-पांढरा हा संघाचा रंग. शनिवारी सामना असला की दुकानदार, डॉक्टर, शिक्षक सगळे मैदानाकडे निघायचे.

आता थोडं खेळाविषयी. हा ‘फुटबॉल’ म्हणजे आपण शाळेच्या पटांगणावर खेळतो तो नव्हे. अमेरिकेचा फुटबॉल वेगळाच! नावात पाय आहे, पण खेळ बहुतेक हातांनी चालतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, न सोललेल्या नारळासारखा. एका वेळी प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या. मैदान १०० यार्ड लांब. चेंडू ज्यांच्याकडे असेल, त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. समोरचे अकरा जण आडवे येतात, धरतात, पाडतात. म्हणजे कबड्डीतली पकडच म्हणा ना! चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ‘टचडाऊन’ आणि ६ गुण. त्यानंतर चेंडू लाथाडून खांबांमधून घालवला तर आणखी १. टचडाऊन जमत नसेल, तेव्हा लांबूनच किक मारून खांबांमधून घालवली तर ३. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे बेरीज करायची आहे.

आणखी एक नियम सांगायला हवा. त्या काळी कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांना मुख्य संघातून खेळायला मनाई होती. त्यांचा वेगळा संघ असे. मुख्य संघ दुसऱ्या गावी गेला, तरी पहिल्या वर्षाची मुलं घरीच राहत. हा साधा नियम या गोष्टीत फार मोठा ठरला.

१४ नोव्हेंबर १९७०, शनिवार. मार्शलचा संघ नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीनव्हिल या गावी ईस्ट कॅरोलिना संघाशी खेळला आणि १७-१४ असा, अगदी थोडक्यात, हरला. परतीला विमान होतं. विमानात खेळाडू होते, प्रशिक्षक होते आणि संघाबरोबर हौसेनं गेलेली गावातली मंडळीही होती. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास विमान हंटिंग्टनच्या विमानतळाजवळ आलं. पाऊस आणि धुकं होतं, चहूकडे डोंगर. विमान हवं होतं त्यापेक्षा खाली आलं, धावपट्टीच्या सुमारे मैलभर अलीकडे टेकडीवरच्या झाडांना धडकलं आणि कोसळलं. विमानात ७५ माणसं होती. एकही वाचलं नाही. त्यात ३७ खेळाडू होते. मुख्य प्रशिक्षक रिक टॉली होते.

मित्रांनो, हे वाचून तुम्हाला कसं वाटलं असेल ते मला कळतं. मग त्या गावाचं काय झालं असेल? ७० मुलांनी आई किंवा बाबा गमावले. त्यातल्या १८ जणांचे आई आणि बाबा दोघंही गेले. सहा खेळाडूंची ओळखच पटली नाही. त्यांना गावातल्या स्प्रिंग हिल नावाच्या स्मशानभूमीत एकमेकांशेजारी पुरलं. विद्यापीठ टेकडीच्या पायथ्याशी आणि ही जागा वर.

काही जण अगदी साध्या कारणांनी वाचले. रेड डॉसन नावाचे साहाय्यक प्रशिक्षक नवे खेळाडू शोधण्यासाठी मोटारीनं फिरत होते, म्हणून ते विमानात नव्हते. गेल पार्कर नावाचे दुसरे प्रशिक्षक जाताना विमानानं गेले, पण येताना डॉसनबरोबर मोटारीनं निघाले. मोटारीतले त्यांचे सहकारी त्यांच्या जागी विमानात बसले. नेट रफिन हा खेळाडू हाताच्या दुखापतीमुळे घरी राहिला होता. आणि पहिल्या वर्षाची सगळी मुलं, त्या नियमामुळे, गावातच होती.

आता प्रश्न उभा राहिला, फुटबॉल पुन्हा सुरू करायचा की कायमचा बंद?

बंद करा म्हणणारे लोक वाईट नव्हते हं. ज्यांची मुलं गेली, त्यांना त्याच मैदानावर, त्याच हिरव्या जर्सीत दुसरी मुलं धावताना कशी बघवणार? शिवाय संघ होता कुठे? मुख्य संघातले उरलेले खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रशिक्षक नाहीत. पण उरलेल्या मुलांना आणि कितीतरी विद्यार्थ्यांना वाटत होतं, की खेळ बंद झाला तर गेलेल्यांचं सगळं तिथेच संपेल.

योगायोग बघा. सहाच आठवडे आधी, २ ऑक्टोबर १९७० रोजी, विचिटा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं एक विमान कोलोराडोच्या डोंगरात कोसळलं होतं. ३१ माणसं गेली होती. तिथल्या उरलेल्या मुलांनी मतदान करून मोसम पुरा करायचं ठरवलं होतं. म्हणजे असा निर्णय घेणारे जगात कुणीतरी होते.

अखेर मार्शलनंही ठरवलं, खेळायचं.

आधी प्रशिक्षक हवा. पण ही जबाबदारी घ्यायला कोण तयार होणार? एक जण आले आणि काही दिवसांतच परत गेले. मग १९७१ च्या मार्चमध्ये जॅक लेंगेल आले. ते ओहायोमधल्या वूस्टर नावाच्या एका छोट्या कॉलेजचे प्रशिक्षक होते. फारसे प्रसिद्ध नव्हते. रेड डॉसन यांनी त्यांच्याबरोबर एक मोसम काम करायचं कबूल केलं. विचार करा, ज्या मुलांना त्यांनी स्वतः शिकवलं होतं ती मुलं गेली होती, आणि त्यांच्याच जागी आता नवी मुलं उभी करायची होती! डॉसननी तो एक मोसम पुरा केला आणि मग फुटबॉल शिकवणं सोडून दिलं. त्यांना कुणी भित्रं म्हटलं तर ते चूक होईल. माणसाला जेवढं पेलतं तेवढं त्यानं पेलावं.

मग खेळाडू. विद्यापीठानं कॉलेज खेळांच्या मोठ्या संस्थेकडे विनंती केली, की पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू द्या. परवानगी मिळाली. त्याशिवाय, ज्याला यायचं त्यानं चाचणीला यावं, असं जाहीर झालं. दुसरे खेळ खेळणारी मुलं आली. ब्लेक स्मिथ हा तर आपल्या ओळखीचा, पायांनी खेळायचा फुटबॉल खेळणारा. त्याला किक मारायचं काम दिलं. या संघात नेट रफिन एक कर्णधार होता.

पण लहान, नवख्या मुलांना घेऊन धिप्पाड संघांशी लढायचं कसं? इथं एक फार छान गोष्ट घडली. त्याच राज्यात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ होतं, मार्शलपेक्षा मोठं. त्याचे प्रशिक्षक बॉबी बाउडन. अपघातानंतर त्यांच्या खेळाडूंनी आपल्या शिरस्त्राणांवर हिरवे क्रूस आणि मार्शलची आद्याक्षरं लावली होती. लेंगेल मदत मागायला आले, तेव्हा बाउडननी आपल्या संघाच्या सामन्यांच्या फिल्म आणि डावांच्या वह्या त्यांच्यापुढे उघडून ठेवल्या. परीक्षेच्या आधी वर्गातल्या हुशार मुलानं आपली वही समोर ठेवावी, तसंच हे. सांगा बरं, तुमच्यातले किती जण ठेवतील?

त्या वह्यांतून लेंगेल यांनी ‘व्हीअर’ नावाची पद्धत उचलली. तिच्यात ताकदीपेक्षा चपळाई महत्त्वाची. चेंडू हातात असलेला मुख्य खेळाडू म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. तो समोरच्या एका गड्यावर नजर ठेवून धावतो. तो गडी कुणीकडे झेपावतो ते बघायचं आणि ऐन वेळी ठरवायचं, चेंडू जवळच्याला द्यायचा, स्वतः घेऊन पळायचं की बाजूच्याकडे टाकायचा. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो ना, तसंच काहीसं. आडदांडाशी आडदांडपणा करायचा नाही, त्याला चकवायचं.

पहिला सामना १८ सप्टेंबर १९७१ ला, परगावी, मोरहेड स्टेटशी. मार्शल हरलं, २९ विरुद्ध ६. पण ते ६ गुण होते. शून्य नव्हता.

दुसरा सामना २५ सप्टेंबरला. अपघातानंतर गावातल्या मैदानावरचा पहिलाच. समोर सिनसिनाटीचा झेवियर विद्यापीठाचा संघ. मार्शल जिंकेल असं म्हणणारे थोडेच असतील. पण ब्लेक स्मिथनं किक मारून ३ गुण मिळवून दिले. पुढे एक टचडाऊन झालं, ६ गुण. एकूण ९. झेवियर मात्र १३ वर होतं. शेवटचे काही सेकंद उरले. चेंडू शेवटच्या रेषेपासून १३ यार्डांवर. रेजी ऑलिव्हर हा मार्शलचा क्वार्टरबॅक. अपघात झाला तेव्हा तो पहिल्या वर्षात होता, म्हणून विमानात नव्हता. तो चेंडू घेऊन एका बाजूला धावला. झेवियरचे गडी त्याच्या मागे वळले. आणि त्यानं चेंडू एकदम उलट्या बाजूला फेकला! तिथं टेरी गार्डनर उभा होता. त्यानं झेलला आणि धावला... घड्याळातली वेळ संपलेली... रेषेपलीकडे!

करा बेरीज. ९ आणि ६, पंधरा. मार्शल १५, झेवियर १३.

आणि हा गार्डनर कोण? पहिल्या वर्षाचा मुलगा. विशेष परवानगी मिळाली नसती, तर तो त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेला असता.

प्रेक्षक मैदानात धावले. लोक हसत होते आणि रडतही होते. बराच वेळ कुणी घरी जायला तयार नव्हतं.

सिनेमात अशा ठिकाणी गोष्ट संपते. पण मोसम संपला नव्हता, मित्रांनो! पुढे पराभवांची रांगच लागली. मायामी या ओहायोमधल्या विद्यापीठाशी झाला तोच ६६-६ चा सामना. दर आठवड्याला मार खायचा, सोमवारी पुन्हा सरावाला यायचं. मला विचाराल तर झेवियरला हरवण्यापेक्षा हे सोमवारचं येणं जास्त अवघड. मधे ३० ऑक्टोबरला बोलिंग ग्रीनला त्यांनी १२-१० असं हरवलं. तो दुसरा आणि शेवटचा विजय. मोसम संपला, दोन जिंकले, आठ हरले.

पुढच्या वर्षी तरी चमत्कार झाला का? नाही. लेंगेल चार वर्षं तिथं होते. ४२ सामन्यांत संघानं फक्त ९ जिंकले. पराभवांपेक्षा विजय जास्त असा मोसम यायला १९८४ साल उजाडलं. म्हणजे अपघातानंतर चौदा वर्षं! तोवर किती मुलं आली, हरली, शिकली आणि पुढच्यांच्या हाती हिरवी जर्सी देऊन गेली. मग १९९२ मध्ये आणि पुन्हा १९९६ मध्ये मार्शल आपल्या गटात राष्ट्रीय विजेतं झालं. १९९६ मध्ये तर पंधराच्या पंधरा सामने जिंकले.

विजेत्या संघातली मुलं १९७१ मध्ये जन्मलेलीही नसतील किंवा रांगत असतील. पण १९७१ च्या मुलांनी ‘आम्ही नाही खेळत’ म्हटलं असतं, तर यांना खेळायला संघच उरला नसता.

विद्यापीठाच्या आवारात एक कारंजं आहे. अपघातात गेलेल्यांच्या स्मरणार्थ १९७२ मध्ये उभारलेलं. शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी ते घडवलं. दरवर्षी १४ नोव्हेंबरला सगळे तिथं जमतात, त्या पंचाहत्तर जणांची आठवण काढतात आणि कारंज्याचं पाणी बंद करतात. थंडीभर कारंजं गप्प असतं. वसंत आला की पाणी पुन्हा सुरू होतं. नेट रफिन २००१ साली वारला, तेव्हा त्याला स्प्रिंग हिलवर, आपल्या त्या सहा मित्रांजवळच पुरलं.

आता पत्रातल्या मित्रा, तुझ्याकडे येतो.

तुमच्या शाळेवर असं काही संकट आलेलं नाही, आणि कधी येऊही नये. तुमचे जुने गडी फक्त वरच्या वर्गात गेलेत, तालुक्यात कुठंतरी हसत-खेळत असतील. तेव्हा पहिलं काम हे कर, त्यांच्यातल्या दोघा-तिघांना गाठ. रविवारी एक तास येऊन नव्या मुलांना पकड शिकवा, म्हणून सांग. बाउडनसाहेबांनी परक्या संघाला वही दिली, हे तर तुमच्याच शाळेचे.

दुसरं, नवी मुलं अंगानं लहान असतील तर दांडगाईचा खेळ खेळूच नका. दोघांनी मिळून साखळी धरायचा सराव करा. हूल द्यायला शिका.

तिसरं, एक वही कर. सामना हरलात तरी तीत लिही, आज किती पकडी जमल्या, किती चढाया रिकाम्या न जाता झाल्या. पहिल्या सामन्यात दोन पकडी जमल्या आणि तिसऱ्यात चार, तर संघ पुढे सरकतोय हे आकडाच सांगेल. गुणफलक ते सांगत नाही.

आणि सरांना माझा नमस्कार सांगून हेही सांग, की तुम्ही सहावी-सातवीची मुलं घेतलीत तर ती दहावीत जाईपर्यंत तीन-चार वर्षं खेळलेली असतील. यंदा संघच उतरला नाही, तर पुढच्या वर्षीही सगळे नवखेच राहतील.

हरायलाच जायचं तर कशाला, असं तू विचारतोस. मी जिंकाल असं म्हणत नाही. बहुधा हरालच! पण तुझ्यानंतर येणाऱ्या मुलांना शाळेचा संघ जागेवर सापडायला हवा ना? त्यासाठी जायचं.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. मूल स्पर्धेहून आलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जिंकलास का?’ एकदा तो गिळून बघा. ‘हातपाय धुऊन घे, जेवायला बस, आणि मग सगळं सांग’ असं म्हणून बघा. हरलेल्या सामन्यातही सांगण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त ऐकणारं हवं.

मित्रा, मोसम संपला की वही घेऊन मला पुन्हा पत्र लिही. आकडे कसेही असोत. आणि बाकीच्यांनो, तुमच्या शाळेच्या संघात यंदा कोण नवं आलंय, तेही कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!